फोन लागतो, बेल वाजते, पण आवाजच येत नाही. शाखेतल्या इंटरनेट फोनला होतं तरी काय?

शाखा कार्यालयातला फोन वाजतो. रिसिव्हर उचलला की स्क्रीनवर सेकंद मोजले जायला लागतात. तुम्ही ‘हॅलो, हॅलो’ म्हणत राहता, पण पलीकडून काहीच ऐकू येत नाही. कधी समोरच्याला तुमचा आवाज जातो, पण त्याचा तुमच्यापर्यंत येत नाही. ग्राहक दोनदा प्रयत्न करतो आणि तिसऱ्यांदा दुसऱ्याच कुणाला तरी फोन लावतो.

दवाखान्याच्या चौकशी खिडकीवर किंवा पतसंस्थेच्या शाखेत असं दिवसभर सुरू राहिलं, तर ते मुख्य कार्यालयाच्या लवकर लक्षातही येत नाही. कारण कॉलच्या नोंदीत हे सगळे कॉल ‘उचलले’ असेच दिसतात. मग हा बिघाड नेमका कुठे असतो आणि तो शोधायचा कसा?

बेल वाजते, मग आवाज का येत नाही?

इंटरनेट फोनवर बेल आणि आवाज एकाच वाटेने येत नाहीत. कॉल लावणं, बेल वाजवणं, कॉल बंद करणं ही कामं ‘एसआयपी’ या प्रोटोकॉलकडे असतात. त्याचं सध्याचं मूळ मानक २००२ सालचं असून तो सहसा ५०६० क्रमांकाच्या पोर्टवरून चालतो. बोलणं मात्र ‘आरटीपी’ या दुसऱ्या प्रोटोकॉलने जातं. तुमच्या आवाजाचे साधारण २० मिलिसेकंदांचे तुकडे होतात आणि सेकंदाला ५० पाकिटं पलीकडे रवाना होतात. त्यांच्यासाठी प्रत्येक कॉलला वेगळा पोर्ट निवडला जातो. अनेक कार्यालयांत वापरल्या जाणाऱ्या ‘अ‍ॅस्टरिस्क’ या यंत्रणेच्या नमुना सेटिंगमध्ये हे पोर्ट १०,००० ते २०,००० या टप्प्यात असतात.

म्हणजेच, बेल वाजली याचा अर्थ पहिली वाट मोकळी आहे, एवढाच. दुसरी बंद असू शकते.

मग आवाज हरवतो कुठे?

बहुतेक वेळा राउटरपाशी. इंटरनेटच्या जुन्या आयपी पद्धतीत जेमतेम ४२९ कोटी पत्ते आहेत. त्यामुळे कार्यालयातल्या प्रत्येक फोनला स्वतंत्र सार्वजनिक पत्ता मिळत नाही. आत १९२.१६८ ने सुरू होणारे खासगी पत्ते असतात आणि बाहेर जाताना राउटर ते बदलून स्वतःचा पत्ता लावतो. या अदलाबदलीला ‘नॅट’ म्हणतात.

अडचण अशी की, कॉल जुळवताना फोन ‘माझा आवाज या पत्त्यावर पाठवा’ असा निरोप देतो आणि त्यात स्वतःचा खासगी पत्ता लिहितो. पाकिटावर ‘दुसरा मजला, खोली क्रमांक ५’ एवढंच लिहावं आणि इमारतीचं नाव, गाव, पिनकोड काहीच नसावं, तसं हे होतं. सर्व्हर त्या पत्त्यावर आवाज पाठवतो आणि तो कुठेच पोहोचत नाही.

कोणाला ऐकू येत नाही, हे आधी का विचारायचं?

कारण उत्तरावरून बिघाडाची बाजू कळते. शाखेतल्या माणसाचा आवाज जातो, पण त्याला काही ऐकू येत नसेल, तर शाखेच्या फोनने दिलेला पत्ता किंवा शाखेचा राउटर संशयित. उलट, शाखेत ऐकू येतं पण शाखेचा आवाज पोहोचत नसेल, तर मुख्य कार्यालयातला सर्व्हरच आपला खासगी पत्ता सांगत असण्याची किंवा तिथला फायरवॉल आवाज अडवत असण्याची शक्यता जास्त. दोन्हीकडे शांतता असेल, तर आवाजाचे पोर्ट पूर्ण बंद असू शकतात.

तंत्रज्ञ बोलावण्याआधी काय तपासाल?

१. म्यूट बटण, हेडसेटची पिन आणि आवाजाची पातळी पाहा. साधं वाटतं, पण सुरुवात इथूनच करा.

२. इको टेस्ट करा. यात तुमचंच बोलणं तुम्हाला परत ऐकू येतं. ‘फ्रीपीबीएक्स’ यंत्रणेत त्यासाठी सहसा \*४३ डायल करतात. आवाज परत आला, तर तुमच्यापासून सर्व्हरपर्यंतची वाट दोन्ही बाजूंनी ठीक आहे.

३. मोबाइलवर फोनचं अ‍ॅप टाकून, वायफाय बंद करून मोबाइल डेटावरून कॉल लावा. आवाज आला, तर कार्यालयाचा राउटर तपासायला घ्या. नाही आला, तर सर्व्हरकडे बघा.

सेटिंगमध्ये काय बदलायचं?

पहिला उपाय म्हणजे राउटरमधलं ‘एसआयपी एएलजी’ बंद करणं. निरोपातला पत्ता दुरुस्त करण्यासाठीच ही सोय असते, पण अनेक राउटरमध्ये ती निरोपाची मोडतोड करते. सर्व्हरच्या सेटिंगमध्ये बाहेरचा सार्वजनिक पत्ता आणि आतली नेटवर्क्स बरोबर भरलेली हवीत. फोन ‘नॅट’मागे आहे, हेही तिथे नोंदवावं लागतं. मग सर्व्हर लिहिलेला पत्ता न पाहता, आवाज जिथून आला तिथेच परत पाठवतो.

व्हीपीएन असेल, तर दोन्ही कार्यालयांत १९२.१६८.१ हीच मालिका वापरलेली नाही ना, ते पाहा. पत्ते सारखे असले की पाकीट कुठे पाठवायचं, याचा गोंधळ होतो. कॉल साधारण अर्ध्या मिनिटाने, ३२ सेकंदांच्या आसपास आपोआप तुटत असेल, तर तेही बहुधा याच दुखण्याचं लक्षण आहे. कॉल उचलल्याची पोच परत मिळाली नाही, की यंत्रणा तेवढा वेळ वाट पाहून कॉल बंद करते.

आवाज तुटक येत असेल, तर मात्र कारण वेगळं असतं. ‘जी.७११’ या कोडेकला एका कॉलसाठी प्रत्येक दिशेने किमान ८० केबीपीएस लागतात. अशा वेळी शाखेच्या लाइनचा अपलोड वेग तपासा.

कोणता ‘सोपा’ उपाय टाळायचा?

वैतागून फायरवॉल पूर्ण बंद करणं किंवा सर्व्हर थेट इंटरनेटवर उघडा ठेवणं. आवाज लगेच येऊ लागतो, पण अशा सर्व्हरच्या शोधात असलेले प्रोग्रॅम दिवसरात्र पासवर्ड चाचपत असतात. तो सापडला, की रात्रीतून परदेशात कॉल होतात आणि बिल तुमच्या नावावर येतं. त्यामुळे फक्त आवाजासाठी ठरवलेले पोर्ट उघडा, शक्य असेल तर तेही सेवा पुरवणाऱ्या कंपनीच्या पत्त्यांपुरतेच. गरज नसेल, तर परदेशी कॉल बंदच ठेवा.

तक्रार नोंदवताना ‘फोन बिघडलाय’ एवढंच सांगू नका. कॉलची वेळ, दोन्ही नंबर, कोणाला ऐकू आलं नाही आणि मोबाइल डेटावर काय झालं, या चार गोष्टी द्या. तंत्रज्ञाचा पहिला अर्धा तास हेच विचारण्यात जातो.