दिसतं मराठी, असतं काय?

संगणकावर मराठीतली कुठलीही बातमी उघडा आणि कंट्रोल दाबून धरत 'यू'ची कळ दाबा. फोटो, रंग, जाहिराती बाजूला राहतात आणि नव्या टॅबमध्ये कोनी कंसांनी भरलेला मजकूर उघडतो. हेच त्या पानाचं मूळ रूप. मथळा इथून सुरू झाला, परिच्छेद इथे संपला, या शब्दावर क्लिक केलं की अमुक पत्त्यावर जायचं, एवढंच ते कंस ब्राउझरला सांगतात. खुणांच्या या भाषेला एचटीएमएल म्हणतात. पानाचा पत्ता म्हणजे यूआरएल, आणि ते पान मागवण्या-पाठवण्याचे नियम म्हणजे एचटीटीपी. एवढं कळलं की वेबचा पाया कळला.

जिनिव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेत टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली वेबचा पहिला प्रस्ताव लिहिला. देशोदेशींचे शास्त्रज्ञ तिथे येत, काम संपवून परतत, आणि त्यांनी जमवलेली माहिती वेगवेगळ्या यंत्रांवर विखुरलेली राही. ती एकमेकींना जोडायची होती. संगणकांना जोडणारं इंटरनेट तेव्हा होतंच. वेब त्याच्यावर उभं राहिलं. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने हे तंत्र सर्वांना विनामूल्य खुलं केलं. त्याच वर्षी अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठाने 'गोफर' या तेव्हाच्या लोकप्रिय पर्यायाच्या काही वापरांसाठी शुल्क घेण्याचं जाहीर केलं आणि लोक त्यापासून दूर जाऊ लागले. वेबच्या साऱ्या इतिहासात मला सर्नचा तो निर्णय सर्वांत मोठा वाटतो.

भारतात सामान्य ग्राहकांना इंटरनेट मिळालं १५ ऑगस्ट १९९५ पासून, विदेश संचार निगममार्फत. मराठीही लवकरच पडद्यावर आली, पण एका पळवाटेने. फॉन्ट बनवणारे रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवत. डोळ्यांना 'शेती' दिसे. संगणकाच्या लेखी ती काही रोमन अक्षरं आणि चिन्हंच असत. तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर सगळा मजकूर अगम्य होई. शोधयंत्रात 'शेती' टाइप केलं तरी ते पान सापडत नसे. त्या काळात कष्टाने टंकलेलं कितीतरी मराठी असं बंदिस्त राहिलं, याची हळहळ वाटते.

युनिकोडने ही कोंडी फोडली. त्यात प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक आहे, 'क'चा २३२५. ऱ्हस्व वेलांटी कागदावर अक्षराच्या आधी काढली जाते, पण युनिकोडमध्ये 'कि' साठवताना आधी 'क' आणि मग वेलांटी, म्हणजे उच्चाराच्या क्रमाने. त्यामुळे यंत्राला मराठी शोधता येते, अकारविल्हे लावता येते आणि वाचूनही दाखवता येते.

या वाचून दाखवण्याचं मोल दृष्टिहीन वाचकाला विचारावं. एनव्हीडीएसारखं मोफत सॉफ्टवेअर पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचतं. मथळ्याला मथळ्याची खूण असेल, तर ऐकणारा एका मथळ्यावरून थेट पुढच्यावर जातो. नुसतंच अक्षर मोठं आणि ठळक केलं असेल, तर त्याला पान सुरुवातीपासून ऐकत बसावं लागतं. चित्राला वर्णन जोडायची सोय एचटीएमएलमध्ये आहे. ते लिहायला अर्धं मिनिट लागतं. पण एखाद्या योजनेची जाहिरात, अर्जाची मुदत, पात्रतेच्या अटी हे सगळं कागदावर छापून त्याचा फोटो वेबसाइटवर चढवला, आणि वर्णन लिहिलंच नाही, तर ते सॉफ्टवेअर गप्प बसतं. माहिती सर्वांना वापरता येईल अशा रूपात असावी, हे दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ सांगतो. तरीही मजकुराचं चित्र करून टाकण्याची सवय सुटलेली नाही, आणि ही सवय निव्वळ अज्ञानातून येते, असं माझं मत आहे.

म्हणून शाळेत वेब शिकवताना सुरुवात नोटपॅडपासून व्हावी. आठवीतल्या मुलीने आपल्या गावावर चार परिच्छेद लिहावेत, मथळ्याला आणि परिच्छेदांना खुणा द्याव्यात, पानाची भाषा मराठी आणि अक्षरांची पद्धत यूटीएफ-८ असल्याचं वर नोंदवावं, फाइल ब्राउझरमध्ये उघडावी. त्यासाठी इंटरनेटही लागत नाही. पुढच्या तासाला तिने आपल्या ग्रामपंचायतीची किंवा जिल्हा परिषदेची वेबसाइट उघडून एखाद्या सूचनेतला एक शब्द माउसने निवडून बघावा. तो निवडता आला नाही, तर ती सूचना बहुधा नुसतं चित्र आहे, आणि ती मजकूर म्हणून द्या, असं पत्र कार्यालयाला पाठवता येतं.