ओरेगॉनची वाट आणि तिच्यावरचे दगड

संस्कृतांत ‘तीर्थ’ या शब्दाचा मूळ अर्थ नदी ओलांडण्याची जागा, म्हणजे उतार, असा आहे. जेथून पुष्कळ लोक सुखरूप पलीकडे गेले, ती जागा पुढें पवित्र ठरली. ज्यांनीं प्रथम वाट पाडली, त्यांना वेदांत ‘पथिकृत्’ असें नांव आहे. हे दोन्ही शब्द आम्हीं वर्गांत वर्षानुवर्षें शिकविले. परंतु दोहोंचा अर्थ एकाच ठिकाणीं डोळ्यांनीं पाहावयास मिळाला तो सातां समुद्रांपलीकडे, अमेरिकेंतील प्लॅट नांवाच्या एका उथळ नदीच्या कांठीं.

आम्ही तिघे बालमित्र. पन्नास वर्षांपूर्वीं एकाच शाळेंतून मॅट्रिक झालों. पुढें एक डॉक्टर झाले, दुसरे पाटबंधारे खात्यांत इंजिनिअर झाले, आणि तिसरे, म्हणजे प्रस्तुत लेखक, संस्कृताचें पुस्तक हातीं घेऊन शाळेंतच राहिले. डॉक्टरांचे चिरंजीव डेन्व्हर शहरीं नोकरीस असतात. गेल्या जूनमध्यें आम्ही तिघेही त्यांच्या घरीं उतरलों असतां त्यांनीं पांच दिवसांची रजा काढली आणि ‘काका, काय काय पाहावयाचें?’ म्हणून विचारलें. धबधबे आणि उंच इमारती सोडून आम्हीं ओरेगॉनची जुनी वाट मागितली, तेव्हां त्यांना थोडें नवल वाटलें. तथापि त्यांनीं मोटार काढली.

वाट कशी होती

ही वाट मिसुरी नदीजवळच्या इंडिपेंडन्स गांवापासून पश्चिमेस ओरेगॉनमधील विलामेट नदीच्या खोऱ्यापर्यंत सुमारें दोन हजार मैल जाते. १८४३ सालीं हजाराच्या आसपास माणसांचा पहिला मोठा तांडा या वाटेनें गेला. १८६९ च्या मे महिन्यांत युटा प्रांतांत पूर्वेकडील व पश्चिमेकडील लोहमार्ग एकमेकांस मिळाले, आणि गाड्यांच्या तांड्यांचे दिवस सरले. मधल्या काळांत ओरेगॉन, कॅलिफोर्निया व युटा या तिन्ही बाजूंस मिळून तीन ते चार लाख माणसें या मार्गानें गेलीं, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. कोणाला सोनें हवें होतें, कोणाला आपल्या धर्मपंथासाठीं निवारा हवा होता. परंतु बहुतेकांस ओढ होती ती जमिनीची. १८५० च्या कायद्यानें ओरेगॉनांत अगोदर येऊन वसलेल्या दांपत्यास ६४० एकरांपर्यंत जमीन मिळे. आपल्याकडे एवढ्या जमिनीवर एखादें लहान गांव नांदेल.

गाडी म्हटली तर साधीच. दहा फूट लांब व चार फूट रुंद अशी लांकडी पेटी, वर कमानींवर ताणलेलें जाड कापड, आणि पुढें बैलांच्या दोनतीन जोड्या. घोड्यांपेक्षां बैल सोशीक, आणि मिळेल त्या गवतावर तग धरणारे. गाडींत पीठ, खारवलेलें मांस, कॉफी, साखर, अवजारें आणि आजीचा एखादा पेटारा भरला कीं माणसांना बसावयास जागा उरत नसे. म्हणून धडधाकट बायकामुलेंसुद्धां दोन हजार मैल पायींच चालत. दिवसाकाठीं मजल बारापंधरा मैलांची, आणि एकंदर प्रवास चार ते सहा महिन्यांचा. एप्रिल-मेमध्यें निघावयाचें, आणि पश्चिमेच्या डोंगरांत बर्फ पडण्यापूर्वीं पार व्हावयाचें. त्यांची चार दिवसांची मजल आमची मोटार एका तासांत तोडीत होती, आणि तरीही आमच्यापैकीं एकाची कंबर धरली होती.

आमच्या वाचक भगिनींस एक गोष्ट वाचून मौज वाटेल. प्लॅट नदीच्या मैदानांत दिवसच्या दिवस झाड दिसत नसे. मग चूल कशी पेटावी? त्या मैदानांत बायसन नांवाच्या रानगव्यांचे प्रचंड कळप चरत असत. त्यांच्या रानशेणी पदरांत वेंचून बायका त्यांवर स्वयंपाक करीत. प्रथम प्रथम त्यांना किळस येई, पुढें संवय होई. शेणीच्या जाळावर आपल्या आजीनें भाकरी भाजलेली ज्यांनीं पाहिली आहे, त्यांना या परक्या बायका क्षणभर शेजारच्या वाटतील.

रेबेकाचें थडगें

पहिल्या दिवशीं आम्ही नेब्रास्का प्रांतांतील चिमणी खडकापाशीं पोंचलों. सपाट मैदानांत पायथ्याशीं पसरट आणि वर सरळ सुळका असा हा खडक सुमारें तीनशें फूट उंच आहे. वाटसरूंच्या रोजनिशांत याच्याइतका उल्लेख दुसऱ्या कोणत्याही खुणेचा नाहीं. तो दिसूं लागला म्हणजे मैदान संपत आलें व डोंगर जवळ आले असें ते समजत. तेथून कांहीं मैलांवर स्कॉट्स ब्लफ हा आठशें फुटांचा कडा आहे. त्यास १९१९ सालीं राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला.

परंतु आमच्या मनांत राहिलें तें याच कड्याच्या परिसरांतील, रेल्वेच्या रुळांजवळचें एक लहानसें थडगें. रेबेका विंटर्स नांवाची पन्नास वर्षांची बाई १८५२ च्या १५ ऑगस्टला येथें पटकीनें वारली. दगड घडविण्यास वेळ नव्हता. तांड्यांतील एका स्नेह्यानें गाडीच्या चाकाची लोखंडी धांव घेऊन तिच्यावर छिनीनें तिचें नांव व वय कोरलें, आणि ती वांकवून थडग्याशीं पुरली. बाकीच्या हजारों थडग्यांच्या खुणा पुसून गेल्या. कित्येक तर मुद्दामच बुजवून वरून गाड्या नेलेल्या, कीं लांडग्यांनीं तीं उकरूं नयेत. ही धांव मात्र टिकली. पुढें रेल्वेची आंखणी करणाऱ्यांना ती सांपडली, तेव्हां त्यांनीं मार्ग थोडा बाजूस घेतला. १९९५ सालीं, थडगें रुळांच्या फार जवळ पडूं लागल्यामुळें, तें थोडें अलीकडे सुरक्षित जागीं हलविण्यांत आलें.

डॉक्टर बराच वेळ तेथें उभे होते. मग म्हणाले, “ही पटकी आपल्याकडचीच. १८१७ सालीं बंगालच्या खालच्या अंगानें, गंगेच्या मुखाकडून निघाली, आणि जहाजांबरोबर जगभर गेली. तांडे एकाच पाणवठ्यावर उतरत, एकाच पाण्यांत सगळें करीत, आणि पुढचा तांडा तेंच पाणी पिई. मीठसाखर घातलेलें स्वच्छ पाणी पोटांत जात राहिलें असतें, तर ही बाई बहुधा वांचली असती. पण तें त्या वेळीं जगांत कोणालाच ठाऊक नव्हतें.” एवढें बोलून त्यांनीं हात जोडले. आम्हींही जोडले.

दुर्ग आणि करारनामे

दुसऱ्या दिवशीं वायोमिंग प्रांतांत फोर्ट लॅरमी पाहिला. १८३४ सालीं कातड्यांच्या व्यापाराची वखार म्हणून उभारलेलें हें ठाणें १८४९ सालीं लष्करानें विकत घेतलें. वाटसरूंची येथें विश्रांति होई, बैल बदलले जात, पत्रें टाकलीं जात. या ठाण्याचें दुसरें महत्त्व असें कीं, त्या भूमीच्या मूळ रहिवाशांशीं सरकारनें केलेले दोन मोठे करार याच्याच नांवानें ओळखले जातात. १८५१ च्या करारान्वयें त्या लोकांनीं वाट चालूं द्यावी, आणि त्याबद्दल त्यांना दरसाल पन्नास हजार डॉलर किमतीचा माल पन्नास वर्षें मिळावा, असें ठरलें. पुढें सिनेटनें ती मुदत कमी केली. १८६८ च्या करारानें ‘काळे डोंगर’ हा प्रदेश लाकोटा व त्यांच्या भाऊबंद जमातींकडे राहावयाचा होता. १८७४ सालीं तेथें सोनें सांपडलें. १८७७ सालीं तो प्रदेश काढून घेतला गेला. शंभराहून अधिक वर्षांनीं, १९८० सालीं, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें तें घेणें भरपाईस पात्र असल्याचा निकाल दिला आणि दहा कोटी डॉलरांहून अधिक रक्कम ठरविली. त्या लोकांनीं ती रक्कम आजतागायत स्वीकारलेली नाहीं. आम्हांस पैसा नको, डोंगर हवे, असें त्यांचें म्हणणें.

लहानपणीं पाहिलेल्या इंग्रजी बोलपटांवरून आमची समजूत अशी कीं, या वाटेवर माणसें मेलीं तीं मुख्यतः बाणांनीं. जॉन अनरू या इतिहासकाराच्या गणनेप्रमाणें १८४० ते १८६० या वीस वर्षांत मूळ रहिवाशांकडून ३६२ वाटसरू मारले गेले, आणि वाटसरूंकडून मूळ रहिवासी मारले गेले ४२६. रोगराईचे व अपघातांचे बळी याच्या कितीतरी पट. आणि तो रोग एकाच बाजूस थांबला नाहीं. १८४९ सालीं शायान जमातींत याच पटकीनें हाहाकार उडविला.

दगडांतील चाकोऱ्या

तेथून जवळच गर्न्झी नांवाचें गांव आहे. गांवाबाहेर वालुकामय खडकाच्या चढावर गाड्यांच्या चाकांनीं व जनावरांच्या खुरांनीं पडलेल्या चाकोऱ्या आहेत. कांहीं ठिकाणीं त्या पांच फूट खोल आहेत. माणूस आंत उभा राहिला तर छातीपर्यंत बुडतो. ‘चाकोरी’ हा शब्द आपण आतां निंदेनेंच वापरतों. परंतु ही चाकोरी पाहून वाटलें कीं, दगड कापणारें तें बळ कोणा एका वीराचें नव्हे. एकामागून एक मुकाट्यानें गेलेल्या हजारों सामान्य कुटुंबांचें आहे.

त्या रात्रीं मुक्कामावर आमच्यांत वाद झाला. डॉक्टरांचें म्हणणें, एवढें सोसलेल्या माणसांपुढें नम्र होणें हें आपलें काम. न्यायनिवाडा सरकारचा करावा, रेबेकाचा करूं नये. आम्हांस तें पटलें. इंजिनिअर मात्र नेहमींप्रमाणें हिरिरीनें भांडले नाहींत. कांहीं वेळानें ते म्हणाले, “मी ज्या धरणावर उमेदीचीं अकरा वर्षें घालविलीं, त्याच्या कोनशिलेवर मंत्र्यांचें नांव आहे, वरिष्ठांचीं नांवें आहेत, पाणी किती सांठतें तेंही आहे. पाण्याखालीं गेलेल्या गांवांपैकीं एकाचेंही नांव नाहीं. मी त्या कोनशिलेसमोर दरसाल झेंड्याला उभा राहिलों. माझ्या तें कधीं ध्यानांतच आलें नाहीं.” डॉक्टर म्हणाले, “अरे, त्या धरणानें किती लोकांना पाणी दिलें!” इंजिनिअर म्हणाले, “दिलें ना. तेंही लिहूं. पण तेवढेंच कां लिहावयाचें?” यावर कोणी कांहीं बोललें नाहीं.

म्हाताऱ्याचा उद्योग

पुढच्या दोन दिवसांत आम्हीं इंडिपेंडन्स खडक पाहिला. कासवाच्या पाठीसारख्या या प्रचंड शिळेवर असंख्य वाटसरूंनीं आपलीं नांवें कोरलीं. ४ जुलैच्या सुमारास येथें पोंचलें म्हणजे प्रवास वेळेवर चालला आहे असें ते मानीत. तेथून साउथ पास या खिंडींत गेलों. नांव खिंड, परंतु तें सुमारें साडेसात हजार फूट उंचीवरचें मैलोगणती पसरलेलें गवताळ पठारच आहे. अलीकडचें पाणी अटलांटिकाकडे, पलीकडचें पॅसिफिकाकडे. कित्येकांना आपण जलविभाजक ओलांडला हें मागाहून कळे.

मोठी सडक सोडून कच्च्या रस्त्यानें गेलें म्हणजे तेथें दोन लहान दगड दिसतात. एक नार्सिसा व्हिटमन व एलायझा स्पॉल्डिंग या दोन मिशनरी पत्नींचा. १८३६ च्या ४ जुलैला त्यांनीं ही खिंड ओलांडली. दुसरा दगड एझ्रा मीकर या गृहस्थांनीं बसविलेला. यांचें चरित्र साठी उलटलेल्या प्रत्येकानें ऐकावें असें आहे. १८५२ सालीं, वयाच्या एकविसाव्या वर्षीं, पत्नी व तान्हें मूल घेऊन ते बैलगाडीनें या वाटेनें ओरेगॉनला गेले. पुढें चौपन्न वर्षांनीं त्यांना दिसलें कीं, नांगराखालीं वाट पुसली जात आहे आणि ती ठाऊक असलेलीं माणसें मरत आहेत. तेव्हां १९०६ च्या जानेवारींत, पंचाहत्तर वर्षांचे असतां, त्यांनीं पुन्हां बैलगाडी जुंपली आणि पश्चिमेकडून पूर्वेकडे उलट निघाले. गांवोगांव व्याख्यानें देत, वर्गणी गोळा करीत, खुणेचे दगड बसवीत ते थेट वॉशिंग्टनला गेले, आणि १९०७ सालीं अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना भेटले. पुढें तीच वाट त्यांनीं मोटारीनें केली, आणि १९२४ सालीं त्र्याण्णवाव्या वर्षीं विमानानें. १९२८ सालीं, अठ्ठ्याण्णवावें वर्ष पुरें होण्यास थोडे दिवस असतां, ते वारले. १९७८ सालीं अमेरिकन सरकारनें या वाटेला राष्ट्रीय ऐतिहासिक मार्ग ठरविलें, त्याच्या मुळाशीं या म्हाताऱ्याचा उद्योग आहे.

आपल्याकडेही असें उदाहरण आहे. वरसईच्या गोडसे भटजींनीं १८५७ च्या धामधुमींतील आपला प्रवास वृद्धपणीं आठवून लिहिला, आणि तो १९०७ सालीं छापून निघाला, म्हणून त्या काळीं सामान्य माणसानें काय पाहिलें हें आज आपल्याला कळतें. ज्या घरांत आजोबांची वही नाहीं, त्या घराची वाट दोन पिढ्यांत नांगरली जाते.

आमच्या मतें वृद्धांनीं करण्याजोगें एक काम हें आहे. आपण कोठून निघालों, कां निघालों, वाटेंत कोणाचें पाणी प्यालों, वाटेंत कोण गेलें, हें हातपाय चालत आहेत तोंवर लिहून ठेवावें. कुलवृत्तांतांत वंशावळ असते, पराक्रमही असतो. त्यांत हेंही लिहावें कीं आपण जेथें वसलों तेथें पूर्वीं कोण होतें, आणि आपल्या येण्यानें त्यांचें काय झालें. घरांतील सुनामुलांनीं वही पुढें करावी, नातवंडांनीं प्रश्न विचारावे. म्हातारीं माणसें सांगावयास एका पायावर तयार असतात.

आमच्या इंजिनिअर स्नेह्यांनीं परत आल्यापासून एक वही घातली आहे. पाण्याखालीं गेलेल्या प्रत्येक गांवाला एक पान. त्यावर देवळें, विहिरी, वाडे, घराण्यांचीं नांवें, आणि तीं घराणीं पुढें कोठें गेलीं याची नोंद. उठून गेलेल्या लोकांपैकीं जे हयात आहेत, त्यांच्याकडे ते स्वतः जाऊन बसतात. कांहीं जण प्रथम बोलतच नाहींत. एकानें तर दारांतूनच परत पाठविलें. ते पुन्हां गेले. डॉक्टर गाडी हांकतात, आम्ही अक्षर चांगलें म्हणून लिहून घेतों. आतांपर्यंत चार पानें भरलीं आहेत.