ठिणगीच्या आधीचा हिशेब

भोसरीत किंवा कोल्हापूरजवळच्या शिरोलीत प्लाझ्मा टेबल घ्यायला निघालेला फॅब्रिकेशनवाला आधी अँपिअर विचारतो, मग टेबलाचं माप, मग भाव. सॉफ्टवेअरचं नाव बहुधा कोटेशनच्या तळाशी असतं आणि त्यापुढे ‘सोबत मोफत’ असं लिहिलेलं. घासाघीस वरच्या ओळींवर होते. पत्रा मात्र पुढची कित्येक वर्षं त्या तळच्या ओळीच्या मर्जीने कापला जातो.

प्लाझ्मा कटिंग 1950च्या दशकात अमेरिकेत, युनियन कार्बाइडच्या लिंडे विभागात आकाराला आलं. अरुंद नोझलमधून दाबाने वायू सोडायचा आणि त्यातूनच वीज खेळवायची. त्या उष्णतेने धातू वितळतो आणि वायूचा जोर त्याला खालून उडवून लावतो. गॅस कटिंगला दाद न देणारं स्टेनलेस आणि अॅल्युमिनियमही असं कापता येतं. हाताने टॉर्च चालवणारा जुना कारागीर डोळ्याने अंतर जोखतो, मनगटाने वेग सांभाळतो. टेबलावर हे सगळं कोणालातरी आधी लिहून द्यावं लागतं.

लिहिण्याचं काम तीन हातांतून जातं. ऑटोकॅडसारख्या प्रोग्राममध्ये आकार काढला जातो आणि डीएक्सएफ फाइल तयार होते. मधला प्रोग्राम, म्हणजे शीटकॅम, फास्टकॅम, प्रोनेस्ट, लँटेक यांपैकी कोणी, टॉर्चचा मार्ग ठरवून जी-कोड काढतो. शेवटी कंट्रोलर मोटारी फिरवतो. खरेदी करताना लोक पहिल्यावर बोलतात, कारण तो पडद्यावर छान दिसतो. माझ्या मते पैसे आणि डोकं दोन्ही मधल्यावर आणि शेवटच्यावर खर्च करावं.

साधी फ्लँज घ्या. 45 अँपिअरवर कटची रुंदी साधारण दीड मिलिमीटर पडते. टॉर्च बरोबर रेषेवरून गेला तर फ्लँजचा बाहेरचा व्यास दीड मिलिमीटरने कमी भरेल आणि भोकाचा तेवढाच वाढेल. म्हणून मार्ग रेषेपासून अर्ध्या रुंदीने सरकवायचा. शिवाय नोझलमध्ये वायू गरगरत येतो. नेहमीच्या रचनेत टॉर्च पुढे जाताना उजवी बाजू सरळ निघते, डावीला उतार येतो. त्यामुळे बाहेरची कड घड्याळाच्या दिशेने कापायची आणि भोक उलट दिशेने, म्हणजे दोन्ही वेळा जॉब उजवीकडे राहतो. छेद पाडायचा तोही कडेवर नाही, भंगारात जाणाऱ्या भागात, आणि तिथून कडेला यायचं. चांगला प्रोग्राम हे न सांगता करतो. सोबत मिळालेल्या कित्येकांत ऑपरेटरला प्रत्येक भोकासाठी ते हाताने द्यावं लागतं आणि रात्रपाळीत एखादं राहून जातं.

खरी परीक्षा उंचीची. 6 मिलिमीटरच्या पत्र्यावर छेद पाडताना टॉर्च साधारण 4 मिलिमीटर वर हवा, नाहीतर उसळलेलं पोलाद नोझल खातं. छेद आरपार झाला की त्याने दीड मिलिमीटरवर उतरायचं. पुढे पत्रा तापून फुगतो, वाकतो. अंतर वाढलं की आर्कचं व्होल्टेज वाढतं, तेव्हा व्होल्टेज वाचत टॉर्च वरखाली करणारी यंत्रणा बसवलेली असते. पण कोपऱ्यावर टॉर्चचा वेग घटतो, कट रुंदावतो आणि पत्रा जागचा न हलताही व्होल्टेज चढतं. यंत्रणेला वाटतं टॉर्च वर गेला. ती त्याला खाली ढकलते आणि नोझल पत्र्यावर आपटतं. उपाय सॉफ्टवेअरमध्येच आहे: वेग ठरावीक मर्यादेखाली गेला की उंचीची दुरुस्ती थांबवायची. लहान भोकांतही तेच, आणि तिथे वेगही कमी करायचा. लिनक्ससीएनसी या कंट्रोलरच्या सॉफ्टवेअरवरच्या क्यूटीप्लाझ्मासीत 32 मिलिमीटरपेक्षा लहान भोकं 60 टक्के वेगाने कापण्याची सोय आहे. शीटकॅममध्ये असे नियम एकदा लिहून ठेवता येतात.

लिनक्ससीएनसी फुकट आहे. त्याचं मूळ अमेरिकेच्या सरकारी मानक संस्थेतल्या, 1990च्या दशकातल्या कामात आहे. अडचण एवढीच की ते बसवायला दुकानात कोणीतरी चिवट माणूस लागतो. कंट्रोलरचंच दुसरं सॉफ्टवेअर मॅक3 सोपं, म्हणून खूप पसरलं. पण त्याची पॅरलल पोर्टवरची जोडणी 64-बिट विंडोजवर चालत नाही. म्हणून काही शेडमध्ये धुळीने माखलेला जुना संगणक घरातल्या म्हाताऱ्यासारखा जपला जातो.

राहिला नेस्टिंगचा प्रश्न, म्हणजे एका पत्र्यात जास्तीत जास्त जॉब बसवणं. 2500 बाय 1250चा, 6 मिलिमीटर जाडीचा पत्रा सुमारे 147 किलोचा असतो. मांडणी दहा टक्क्यांनी सुधारली तर पत्र्यामागे जवळजवळ 15 किलो पोलाद वाचतं. रोज दहा-वीस पत्रे कापणाऱ्याने प्रोनेस्ट किंवा लँटेकचा भाव ऐकून दचकू नये. उरलेल्या तुकड्यांची नोंद ठेवून ते पुन्हा वापरण्याची सोयही त्यांत मिळते. आठवड्याला चार पत्रे कापून गेट, ग्रिल आणि बेस प्लेट करणाऱ्याला हाताने मांडणी पुरते. त्याने ते पैसे उंचीच्या यंत्रणेत आणि कॉम्प्रेसरच्या हवेतलं पाणी काढणाऱ्या ड्रायरमध्ये घालावेत.

डेमोला विक्रेता मोर आणि गणपती कापून दाखवतो. त्याला थांबवून आपली डीएक्सएफ द्यावी: 6 मिलिमीटरमध्ये 12 मिलिमीटरची भोकं असलेली बेस प्लेट, काटकोनी कोपऱ्यांची. मध्येच वीज बंद करायला सांगावं आणि कट त्याच ठिकाणाहून पुन्हा धरतो का ते बघावं. प्लेट थंड झाली की भोकात बोल्ट घालून बघायचा आणि खालच्या बाजूला किती वेळ ग्राइंडर मारावा लागतो ते मोजायचं.