तिहेरी तलाक : कायदा आला, पण तुरुंगावरून महिला संघटनांतच दोन मतं

एका दमात तीन वेळा तलाक म्हणून बायकोला घराबाहेर काढायचं, हे बंद करा म्हणून हमीद दलवाईंनी १९६६ साली मुंबईत सात मुस्लिम महिलांचा मोर्चा काढला होता. सुप्रीम कोर्टाने ही प्रथा रद्द केली ती थेट २०१७ मध्ये. भारतीय मुस्लिम महिला आंदोलन, बेबाक कलेक्टिव्ह या संघटना कोर्टात तलाकविरोधात होत्या. केंद्रातलं भाजप सरकारही त्याच बाजूला. एरवी असं चित्र दिसत नाही.

बिनसलं ते २०१९ च्या कायद्यावरून. असा तलाक देणाऱ्या नवऱ्याला आता तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. 'आंदोलना'ने कायद्याचं स्वागत केलं. 'बेबाक'ने तुरुंगाला विरोध केला. विरोधकांचा सवाल साधा होता : नवरा आत गेल्यावर बाई-पोरांना खायला कोण घालणार? कायद्यात निर्वाहभत्ता आहे, पण कमावणाराच कोठडीत असेल तर तो येणार कुठून?

व्हॉट्सअ‍ॅपवर तीनदा लिहून पाठवलं तरी असा तलाक होत नाही, लग्न कायम राहतं. तक्रार ती बाई स्वतः किंवा तिचे नातेवाईकच करू शकतात. नवऱ्याला जामीन देण्याआधी मॅजिस्ट्रेटला तिचं म्हणणं ऐकावंच लागतं. तडजोडही तिने मागितली तरच.