लहान संगणक आणि राखीव प्रत

बेंगळुरू येथील भारतीय विज्ञान संस्थेतील काही प्राध्यापक आणि एन्कोर सॉफ्टवेअर या कंपनीतील अभियंते यांनी एकत्र येऊन २००१ साली ‘सिम्प्युटर’ हा हातात मावणारा संगणक लोकांपुढे आणला. सामान्य माणसाला तो भारतीय भाषांत वापरता यावा, हा त्यामागील हेतू होता. ज्यांना स्वतंत्र यंत्र विकत घेणे परवडणार नाही, अशा अनेकांनी मिळून एकच सिम्प्युटर वापरावा, अशीही कल्पना होती. त्यासाठी प्रत्येकाची माहिती त्याच्या स्वतःच्या स्मार्ट कार्डावर साठवण्याची सोय करण्यात आली. सिम्प्युटरला बाजारात फारसे यश लाभले नाही. परंतु यंत्र वेगळे आणि माहिती वेगळी, हा त्यातील विचार आजही मोलाचा आहे. यंत्र बिघडले तर दुसरे आणता येते, माहिती मात्र दुकानात मिळत नाही.

आज एकाच पट्टिकेवर सर्व भाग बसवलेले लहान संगणक सहज उपलब्ध आहेत. २०१२ साली ब्रिटनमध्ये विक्रीस आलेला ‘रास्पबेरी पाय’ हा त्यांपैकी सर्वांत परिचित. खेळण्याच्या पत्त्याएवढ्या या संगणकाला विजेचा खर्च अल्प येतो, म्हणून तो अहोरात्र चालू ठेवता येतो. त्याची कार्यप्रणाली आणि त्यातील माहिती बहुधा नखाएवढ्या मेमरी कार्डावर असते. तेथेच त्याचे मर्मस्थान आहे. कार्डातील प्रत्येक कप्प्यावर ठरावीक वेळाच लिहिता येते. शिवाय लेखन चालू असताना वीज गेली, तर संपूर्ण कार्ड वाचता न येण्याची भीती असते. म्हणूनच माहितीची दुसरी प्रत, म्हणजे बॅकअप किंवा राखीव प्रत, अन्यत्र ठेवावी लागते.

ही प्रत कोणत्या साधनाने घ्यावी, हे ठरवण्यासाठी एक उदाहरण घेऊ. समजा, बेंगळुरूमधील एका महाविद्यालयाच्या गच्चीवर असा संगणक पर्जन्यमापकाला जोडला आहे आणि तो दर पाच मिनिटांनी पावसाची नोंद करतो. दिवसाला २८८, म्हणजे वर्षाला १,०५,१२० नोंदी होतात. एका नोंदीस सुमारे ४० अक्षरे धरली, तरी वर्षाची माहिती ४२ लाख अक्षरांची, म्हणजे जेमतेम ४ मेगाबाइट भरते. कार्ड मात्र ३२ गिगाबाइटचे असते. कार्डावरील बाकीचा मजकूर, म्हणजे कार्यप्रणाली व इतर प्रोग्रॅम, पुन्हा मिळवता येतात. सप्टेंबर २०२२ मध्ये अतिवृष्टीने बेंगळुरूचा पूर्व भाग पाण्याखाली गेला, त्या रात्रीचा पाऊस मात्र आता कोणालाही नव्याने मोजता येणार नाही. तेव्हा साधन निवडण्यापूर्वी पहिला प्रश्न हा की, गेल्यावर परत न मिळणारे त्यात काय आहे? दुसरा प्रश्न असा की, किती काळाच्या नोंदी गमावल्या तर चालतील? तिसरा प्रश्न, बिघाडानंतर यंत्र किती लवकर सुरू व्हायला हवे?

उपलब्ध साधनांचे ढोबळमानाने तीन प्रकार पडतात. पहिला प्रकार संपूर्ण कार्डाची हुबेहूब प्रतिमा घेणारा. ‘डीडी’ ही युनिक्सची जुनी आज्ञा या प्रकारात मोडते. कार्ड बिघडल्यास ही प्रतिमा नव्या कार्डावर उतरवली की संगणक पूर्ववत सुरू होतो. मात्र ३२ गिगाबाइटच्या कार्डाची प्रतिमाही तेवढीच मोठी होते. शिवाय चालू संगणकाची प्रतिमा सदोष निघू शकते. म्हणून तो बंद करून कार्ड बाहेर काढणे इष्ट. रोजच्या रोज हे करणे शक्य नसते.

दुसरा प्रकार निवडक फायलींची नक्कल करणारा. ऑस्ट्रेलियातील अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी १९९६ साली तयार केलेले ‘आरसिंक’ या प्रकारातील प्रसिद्ध साधन होय. मागील प्रतीनंतर जेवढे बदलले तेवढेच ते पाठवते, त्यामुळे मंद जोडणीवरही काम होते. परंतु मूळ आणि प्रत तंतोतंत सारखी ठेवण्याची आज्ञा दिल्यास मुळातून चुकून पुसलेली फाईल प्रतीतूनही पुसली जाते. आरसा चेहऱ्यावरचा डागही दाखवतो, तसेच हे.

तिसऱ्या प्रकारातील ‘बोर्ग’ आणि ‘रेस्टिक’ ही साधने प्रत्येक दिवसाची अवस्था वेगळी जतन करतात, समान भाग एकदाच साठवतात आणि माहिती कुलूपबंद ठेवतात. चूक आठवड्याने लक्षात आली, तरी आठवड्यापूर्वीची फाईल मिळते. मात्र त्यांना कार्यस्मृती अधिक लागते. ५१२ मेगाबाइटच्या संगणकावर साठा वाढला की त्यांची गती मंदावते. परवलीचा शब्द हरवला, तर राखीव प्रत असूनही नसल्यासारखीच.

पर्जन्यमापकाच्या उदाहरणात एकच साधन पुरेसे ठरणार नाही. यंत्र नीट बसवून झाल्यावर कार्डाची एक प्रतिमा घेऊन ठेवावी आणि नोंदींची फाईल आरसिंकने दर तासाला दुसऱ्या संगणकावर पाठवावी. तेथे प्रत्येक दिवसाची प्रत वेगळ्या नावाने ठेवली की तिसऱ्या प्रकाराचा मुख्य लाभही मिळतो. नोंदी डेटाबेसमध्ये असतील, तर चालू डेटाबेसची फाईल तशीच उचलू नये. ती अर्धवट लिहिलेली असू शकते. डेटाबेसच्या स्वतःच्या आज्ञेने आधी नक्कल काढावी, मग ती पाठवावी. प्रत त्याच गच्चीवर, त्याच खोक्यात ठेवणेही व्यर्थ होय. वीज पडली तर दोन्ही एकदमच जातील. कर्नाटक राज्याच्या आपत्ती निरीक्षण केंद्राने उभारलेली स्वयंचलित पर्जन्यमापके दर १५ मिनिटांनी आपली नोंद केंद्राकडे धाडतात, त्यामागेही हेच शहाणपण आहे. पाऊस गावात मोजला जातो, पण त्याची नोंद केवळ गावातील यंत्राच्या भरवशावर ठेवली जात नाही.

शेवटची कसोटी मात्र साधनाची नसून वापरणाऱ्याची असते. प्रत घेतली गेली, असा संदेश पडद्यावर दिसणे म्हणजे माहिती सुरक्षित असणे नव्हे. महिन्यातून एकदा दुसरे कार्ड घ्यावे, राखीव प्रतीवरून ते तयार करावे, संगणक सुरू होतो का ते पाहावे आणि मागील एखाद्या दिवसाचा पाऊस उघडून वाचावा. तो वाचता आला, तरच ती राखीव प्रत. विहीर खणल्याचे समाधान पाणी लागेपर्यंत मानू नये, तसेच हे आहे. म्हणून साधन निवडताना ते प्रत किती वेगाने घेते, यापेक्षा ती परत मिळवणे किती सोपे आहे, हे आधी पाहावे. नोंद करणारा माणूस उद्या तेथे नसेल; त्याच्या जागी आलेल्या नवख्यालाही लिहून ठेवलेल्या चार ओळी वाचून ती माहिती परत मिळवता आली पाहिजे.