चिनी चौकोन आणि आपले जोडाक्षर

१९३० साली अक्कादेवीच्या डोंगरावर जंगल सत्याग्रहात पोलिसांच्या गोळीबाराला बळी पडलेल्या हुतात्म्यांच्या स्मृतिदिनी, म्हणजे दरवर्षी २५ सप्टेंबरला, पनवेल-उरण टापूतील चिरनेर गावी जे फलक लागतात, ते रंगाऱ्याच्या कुंचल्यातून नव्हे, तर संगणकावरील फोटोशॉपसारख्या चित्रसंपादकातून तयार होण्याचा हा काळ आहे. अशा फलकावर ‘सत्याग्रह’ हा शब्द ‘सत् याग् रह’ असा पाय मोडलेल्या अक्षरांचा होऊन बसला, किंवा गावाचे नावच ‘चरिनेर’ असे उमटले, तर त्याचा दोष केवळ कारागिराच्या माथी मारणे न्याय्य नाही.

संगणकाच्या दप्तरी अक्षरांची नोंद उच्चाराच्या क्रमाने होते. ‘चि’ लिहिताना आधी च व मग वेलांटी दाखल होते, आणि ती वेलांटी च च्या अलीकडे नेऊन मांडण्याचे, त्याचप्रमाणे त आणि य यांचा संयोग घडवण्याचे काम अक्षरजुळणी करणाऱ्या यंत्रणेवर सोपवलेले असते. ती यंत्रणा सुस्त राहिली की वेलांटी जागच्या जागी राहून पुढच्या र ला चिकटते. ‘आलू बेमट्या म्हात्रे’ या हुतात्म्याच्या नावात तीन जोडाक्षरे आहेत, आणि जुन्या यंत्रणेत ती तिन्ही फुटतात.

येथे चिनी लिपीशी तुलना करणे उद्बोधक ठरते. १९८९ साली सुरू झालेल्या न्हावा-शेवा बंदरामुळे चिनी अक्षरे रंगवलेले कंटेनर या भागात परके राहिलेले नाहीत. त्या लिपीत चिन्हांची संख्या हजारोंच्या घरात असली, तरी प्रत्येक चिन्ह आपापल्या चौकोनात स्वतंत्र उभे राहते आणि शेजाऱ्यामुळे रूप पालटत नाही. म्हणून तिचा सारा भार फॉन्टवर पडतो, जुळणीवर नव्हे. २०१४ साली अडोबी व गूगल यांनी मिळून काढलेल्या चिनी-जपानी-कोरियन फॉन्टमध्ये ६५,५३५ आकृत्या आहेत, आणि एका फॉन्टच्या फाइलीत याहून अधिक मावतच नाहीत. फॉन्टात चिन्ह नसेल तर रिकामी चौकट दिसते, एवढाच तेथला मुख्य धोका. फोटोशॉपच्या अनेक जुन्या आवृत्त्यांत लॅटिन आणि पूर्व आशियाई लिप्यांना एकाच जुळणीखाली ठेवलेले होते ते याच कारणाने. देवनागरीसाठी मात्र ‘वर्ल्ड-रेडी’ नावाची निराळी जुळणी परिच्छेदाच्या पर्यायांतून हुडकून चालू करावी लागे. कोट्यवधी लोकांच्या लिपीला मूळ सनद न देता अशी मागाहून तजवीज व्हावी, हे मला अन्यायाचे वाटते.

या अन्यायावर पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या श्री-लिपीसारख्या फॉन्टांनी पूर्वी एक तोडगा काढला: रोमन अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे तुकडे बसवायचे. अक्षर सुबक छापले जाई, परंतु संगणकाच्या लेखी तो मजकूर निरर्थक रोमन अक्षरांचा असल्यामुळे त्यात हुतात्म्याचे नाव शोधून सापडत नसे. प्रत्येक अक्षराला स्वतःचा सांकेतिक क्रमांक देणाऱ्या युनिकोडने ही उणीव दूर केली, आणि र. कृ. जोशी यांनी घडवलेल्या ‘मंगल’ फॉन्टमुळे विंडोजवर मराठी युनिकोड घरोघर पोचले.

आणखी एक बाब चिनी व मराठी या दोहोंस समान आहे. एकाच सांकेतिक क्रमांकाचे चिन्ह बीजिंग आणि टोकियो येथे किंचित निराळ्या रूपात काढतात. तसेच आपले ल आणि श हिंदी वळणाहून वेगळे आहेत, आणि महाराष्ट्र शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने हे मराठी वळण प्रमाण मानले आहे. म्हणून फलकासाठी फॉन्ट निवडताना ही दोन अक्षरे आधी टंकून पाहावीत, आणि डोंगरातल्या ‘दऱ्या’ समुद्राच्या ‘दर्या’हून वेगळ्या उमटतात की नाही, हेही तपासावे. मुक्त वापराचा ‘मुक्त’ हा फॉन्ट घेऊन गिंप किंवा इंकस्केप या चित्रसंपादकांत काम केले, तर ‘हार्फबझ’ ही जुळणीची यंत्रणा जोडाक्षरे आपोआप घडवते. छापखान्याच्या संगणकावर तो फॉन्ट नसण्याचा संभव असतो. तेव्हा फाइल धाडण्यापूर्वी अक्षरांचे आकृत्यांत रूपांतर करावे, मात्र टंकलेली मूळ प्रत जपून ठेवावी, कारण पुढील वर्षी तारीख बदलताना तिचीच गरज पडते.