दोन पायांवरचे स्वागत

तीस-बत्तीस किलो वजनाचा, ऐन भरात आलेला, अंगात अमाप उत्साह आणि मनात यत्किंचितही कपट नसलेला लॅब्राडॉर कुत्रा दार उघडताच पाहुण्याच्या छातीवर पुढचे दोन्ही पाय रोवून त्याचे तोंड चाटू पाहतो, तेव्हा पाहुणा भिंतीला टेकतो, यजमान ओशाळून ‘काही करत नाही हो तो’ असे अभय देतो, आणि कुत्र्याची मात्र आपण एक सामाजिक कर्तव्य यथासांग पार पाडले अशी दृढ समजूत झालेली असते. यजमानाचे अभयवचन खोटे नसते, पण ते अपुरे असते. कारण चावण्याचा लवलेशही हेतू नसलेल्या कुत्र्याच्या धक्क्याने सत्तरी ओलांडलेल्या गृहस्थाचा तोल जाऊ शकतो, आणि त्या वयात खुब्याचे हाड मोडणे ही गोष्ट माणसाला महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळवून ठेवणारी असते. लहान मुलाच्या बाबतीत तर कुत्र्याचा पंजा आणि मुलाचा डोळा एकाच पातळीवर येतात. तेव्हा हा केवळ शिष्टाचाराचा प्रश्न म्हणून हसण्यावारी नेण्याजोगा नाही; आणि सुदैवाने गेल्या सव्वाशे वर्षांत प्राण्यांच्या वर्तनाचा जो शास्त्रीय अभ्यास झाला आहे, त्यात त्याची उकल बव्हंशी सापडते.

कुत्रा उडी का मारतो याचे मूळ लांडग्याच्या संसारात आहे. शिकारीहून परतलेल्या प्रौढ लांडग्यांभोवती पिले गोळा होतात, त्यांच्या जबड्याला नाके लावतात, ओठांचे कोपरे चाटतात, आणि या आर्जवाने द्रवून म्हणा अगर उद्दीपित होऊन म्हणा, प्रौढ लांडगा पोटातील अर्धवट पचलेले मांस त्यांच्यापुढे ओकून टाकतो. रुडॉल्फ शेंकेल या स्विस प्राणिशास्त्रज्ञाने १९६७ साली असे प्रतिपादन केले, की अन्नयाचनेची हीच क्रिया पिलू वाढल्यावर अन्नापासून सुटी होते आणि वडीलधाऱ्यांविषयीची लीनता व स्नेह व्यक्त करण्याची रीत म्हणून आयुष्यभर टिकून राहते. कुत्र्याने ही रीत वारशाने घेतली. दोन कुत्री भेटतात तेव्हा तोंडाला तोंड लागणे सहज साध्य असते. माणसाचे तोंड मात्र जमिनीपासून पाच-साडेपाच फुटांवर असते, आणि तेथवर पोहोचावयाचे तर मागच्या पायांवर उभे राहण्यावाचून कुत्र्याला गत्यंतर नसते.

हे एवढे स्पष्ट असताना, उडी मारणारा कुत्रा आपल्यावर हुकमत गाजवू पाहतो, आपण कळपाचे सरदार आहोत असे त्याला वाटते, सबब त्याला एकदा त्याची पायरी दाखवून दिली पाहिजे, ही समजूत इतकी दीर्घायुषी का ठरली, याची हकीकत मोठी बोधप्रद आहे. हिचाही एक धागा शेंकेलपर्यंतच जातो. त्याने १९४७ साली बासेलच्या प्राणिसंग्रहालयातील लांडग्यांचे वर्तन वर्णन केले. बंदिस्त जागेत कोंडलेल्या त्या लांडग्यांत वर्चस्वासाठी सतत झगडे चालत, आणि विजेत्याला सर्वश्रेष्ठ मानण्याची परिभाषा तेथून रूढ झाली. अमेरिकन लांडगातज्ज्ञ डेव्हिड मीच याच्या १९७० सालच्या ग्रंथाने ती सर्वतोमुखी केली. पुढे त्याच मीचने उत्तर ध्रुवाजवळच्या एल्समेअर बेटावर मुक्त लांडग्यांचे वर्षानुवर्षे निरीक्षण केले आणि १९९९ साली निःसंदिग्ध शब्दांत मांडले, की निसर्गात लांडग्यांचा कळप म्हणजे बहुधा एक कुटुंब असते: आई, बाप आणि त्यांची मुले. तेथे सरदारकी जिंकावी लागत नाही. प्रजोत्पादन केले की ती आपोआप येते. आपला जुना ग्रंथ छापणे बंद करावे अशी विनंतीही त्याने प्रकाशकाला केली. शास्त्रज्ञाने आपले मत असे जाहीरपणे मागे घेणे विरळा. पण कुत्री शिकवणाऱ्या उस्तादांपैकी कित्येकांच्या कानांवर ही वार्ता अद्याप गेलेली दिसत नाही.

म्हणून छातीत गुडघा मारा, मागच्या पायाच्या बोटांवर पाय द्या, साखळीला हिसडा द्या, हे उपाय अजूनही सांगितले जातात. कोनराड मोस्ट या जर्मन अधिकाऱ्याने १९१० साली लिहिलेल्या श्वानशिक्षणाच्या पुस्तकापासून ही सक्तीची परंपरा लष्करी आणि पोलिसी श्वानपथकांच्या मार्गाने घराघरांत उतरली. तिचा हिशेब एका पाहणीने घेतलेला आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील पशुवैद्यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या या पाहणीत, नकोशा वर्तनाबद्दल कुत्र्याला मारल्याचे वा लाथाडल्याचे सांगणाऱ्या मालकांपैकी ४३ टक्क्यांना कुत्र्याकडून आक्रमक प्रत्युत्तर मिळाले होते. ही कुत्री मुळातच वर्तनाच्या तक्रारीसाठी रुग्णालयात आणलेली होती हे ध्यानात घेऊन तो आकडा सरसकट सर्व कुत्र्यांना लावू नये. तथापि जो प्राणी स्नेहाने अंगावर येत होता त्याला माणसाच्या जवळ येण्याचीच धास्ती शिकवण्यात शहाणपण कोणते, हा प्रश्न आकड्यावाचूनही शिल्लक राहतो.

मग कुत्रा उडी मारत राहतो तो कशाच्या बळावर? एडवर्ड थॉर्नडाइक याने १८९८ साली कोलंबिया विद्यापीठाच्या प्रबंधासाठी मांजरे आणि कुत्री कोड्यांच्या पेट्यांत कोंडून पाहिली आणि असा सिद्धान्त काढला, की ज्या कृतीच्या मागोमाग समाधान मिळते ती कृती प्राण्याच्या ठिकाणी दृढ होते. बी. एफ. स्किनरने पुढील अर्धशतकात या सिद्धान्ताला प्रयोगशाळेतील काटेकोरपणा दिला. उडी मारणाऱ्या कुत्र्याला मिळणारे समाधान कोणते, हे पाहावयाचे तर घरातील माणसांकडेच पाहावे. कुत्रा उडी मारतो. आपण त्याच्याकडे पाहतो, त्याचे नाव घेऊन ओरडतो, दोन्ही हातांनी त्याला ढकलतो. आपल्या दृष्टीने ही शिक्षा. कुत्र्याच्या दृष्टीने दृष्टिभेट, संभाषण आणि कुस्ती असा तिहेरी नजराणा. दिवसभर घरात एकट्या पडलेल्या तरण्या कुत्र्याला याहून मोठे इनाम कोणते असणार? शिवाय हे इनाम दररोज, हुकमी आणि उडीच्या पाठोपाठ मिळते.

दररोज मिळते असे म्हणालो खरे, पण वास्तविक ते कधी मिळते आणि कधी मिळत नाही, आणि रोगाचे मूळ तेथेच अधिक खोल गेलेले असते. या बाबतीत स्किनरने स्वतःच सांगितलेला एक प्रसंग आठवण्याजोगा आहे. कळ दाबल्याबद्दल उंदरांना बक्षीस म्हणून द्यावयाच्या गोळ्या तो हाताने बनवीत असे, आणि एका शनिवारी गोळ्यांचा साठा संपत आलेला पाहून त्याने केवळ काटकसरीपोटी असे ठरवले, की प्रत्येक वेळी गोळी न देता मिनिटाला एकच द्यावी. उंदीर कंटाळून थांबेल अशी अपेक्षा करावी, तो घडले उलटेच: तो एका संथ गतीने कळ दाबीतच राहिला. पुढे चार्ल्स फर्स्टरसह १९५७ साली त्याने या विषयावर एक प्रचंड ग्रंथ सिद्ध केला, आणि अनियमित बक्षिसावर पोसलेली सवय नियमित बक्षिसावरच्या सवयीपेक्षा कितीतरी चिवट असते, हे निर्विवाद प्रस्थापित झाले. बक्षीस बंद झाल्यावरही कबुतरे हजारो वेळा चोच मारीत राहिलेली नोंदली गेली आहेत. आता घरातला शिरस्ता पाहावा. वडील कचेरीतून आल्यावर जुन्या लेंग्यात बसून कुत्र्याला अंगावर घेतात. आई पैठणी नेसून लग्नाला निघालेली असताना त्याच उडीबद्दल त्याला बोल लावते. मुले मुद्दाम हात वर करून त्याला उडवतात. आजोबा काठी उगारतात. पैठणी आणि लेंगा यांतला भेद कुत्र्याला कळत नाही. त्याला एवढेच कळते, की उडी मारीत राहिले तर कोणी ना कोणी, केव्हा ना केव्हा, प्रसन्न होतेच. जगातल्या कोणत्याही प्रयोगशाळेने याहून चिवट उडी तयार केली नसती.

तेव्हा पहिली अट घरातील माणसांसाठी आहे, आणि ती अशी की उडीला कोणाकडूनही, कोणत्याही कारणास्तव, काहीही मिळता कामा नये. कुत्रा उठू लागला की हात छातीशी घेऊन, तोंडातून अक्षर न काढता, पाठ फिरवावी. चारही पाय जमिनीला लागताक्षणी वळून सौम्यपणे बोलावे. ही अट पाळू लागल्यावर दोन-चार दिवसांत उडी कमी होण्याऐवजी वाढते, आणि बहुतेक घरे नेमकी येथेच हार मानतात. वस्तुतः ही वाढ अपेक्षितच आहे. वर्षानुवर्षे बिनबोभाट येणारा हप्ता एकाएकी थांबला तर सावकार त्याच दिवशी खाते बंद करीत नाही, आधी तगादा वाढवतो. कुत्रा त्याहून निराळे काही करीत नाही. या तगाद्याच्या काळात एकदा जरी कोणी विरघळले, तरी कुत्रा एवढाच धडा घेतो की यापुढे अधिक जोराने आणि अधिक वेळा उडावे लागेल.

परंतु नुसत्या नकारावर कोणाचे शिक्षण होत नाही, आणि बळकट कुत्र्याचे तर मुळीच होत नाही. कारण पाठ फिरवलेल्या माणसाच्या पाठीवरही तो उडी घेऊ शकतो. त्याला उडीशी विसंगत असे दुसरे एखादे काम नेमून दिले पाहिजे. बसलेला कुत्रा एकाच वेळी उडी मारू शकत नाही, हे साधे सत्य या सर्व विद्येचे सार आहे. प्रथम पट्ट्याची दोरी एखाद्या जड पलंगाच्या पायाला बांधावी, म्हणजे आपण पाहिजे तेव्हा त्याच्या आवाक्याबाहेर जाऊ शकतो. मग शांतपणे त्याच्याकडे चालत यावे. तो उठला की एक अक्षर न बोलता माघारी जावे; बसला अथवा चारही पायांवर स्थिर राहिला की जवळ येऊन उकडलेल्या कोंबडीचा अगर पनीरचा नखाएवढा तुकडा द्यावा. तुकडा हवेत उंच धरला तर आपणच उडीला आमंत्रण देतो; म्हणून हात त्याच्या छातीच्या खाली ठेवावा किंवा तुकडा सरळ जमिनीवर टाकावा. बक्षीस योग्य क्षणीच पोचले पाहिजे. दोन-तीन सेकंद उशीर झाला तर आपण बसण्याचे नव्हे, बसून पुन्हा उठण्याचे बक्षीस देऊन बसतो. हा क्षण अचूक पकडण्यासाठी मुलांच्या खेळण्यातील ‘टिक्‌’ असा आवाज करणारी चिमटी वापरण्याची युक्ती स्किनरने १९५१ साली एका लोकप्रिय विज्ञान मासिकात सुचवली होती. डॉल्फिन शिकवता शिकवता श्वानशिक्षणाकडे वळलेल्या कॅरन प्रायर यांनी नंतर तिचा सर्वत्र प्रसार केला. लॅब्राडॉरच्या बाबतीत तर निसर्गच शिक्षकाला अनुकूल आहे: २०१६ साली केंब्रिजच्या संशोधकांना सुमारे एकचतुर्थांश लॅब्राडॉर कुत्र्यांत एका जनुकाचा काही भाग गळालेला आढळला, आणि तो दोष असणारी कुत्री अन्नासाठी अधिक हपापलेली असतात.

दारावरची घंटा हे प्रकरण निराळे, आणि त्यावर अधिकार, संकेत आणि घटना यांची सांगड प्राण्याच्या ठिकाणी कशी बसते हे दाखवणाऱ्या पावलॉव्ह या शास्त्रज्ञाचा. घंटा आणि पाहुणा यांची जोडी शेकडो वेळा जुळल्यामुळे, दार उघडण्याच्या आधीच कुत्र्याची छाती धडधडू लागते, आणि त्या अवस्थेत शिकलेले काही आठवत नाही. त्यावर तोडगा असा की कोणीही आलेले नसताना घरातल्याच माणसाने दिवसातून पुष्कळदा घंटा वाजवावी, आणि प्रत्येक घंटेनंतर दारापासून दूर अंथरलेल्या सतरंजीवर कुत्र्याला खाऊ मिळावा. हळूहळू घंटेचा संबंध दाराशी न राहता सतरंजीशी जुळतो.

आता व्यायामाविषयी. दमलेला कुत्रा शहाणा असतो असे लोक म्हणतात. ते अर्धसत्य आहे. न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांबरोबर थंड पाण्यात राबणाऱ्या कुत्र्यांपासून उतरलेला लॅब्राडॉर काय, किंवा लातूरकडे सशा-हरणांच्या मागे धावण्यासाठी पाळला जाणारा सडपातळ कारवान काय, दोघांनाही दोन खोल्यांच्या घरात सकाळ-संध्याकाळच्या दहा मिनिटांच्या फेरीवर ठेवणे हा अन्यायच होय. पण व्यायामाने उडीचे भांडवल कमी होते, उडीची सवय नव्हे. फेरीत घाई न करता त्याला मनसोक्त हुंगू द्यावे; नाकाचे काम त्याला धावण्याइतकेच थकवते, असा माझा तरी अनुभव आहे.

आणि एवढे करूनही उपजत वृत्ती पुरती पुसली जात नाही, हेही मान्य केले पाहिजे. केलर आणि मॅरियन ब्रेलंड या स्किनरच्याच शिष्यदांपत्याने १९६१ साली मोठ्या प्रांजळपणे लिहिले, की पेटीत नाणी टाकण्यास उत्तम शिकलेले रॅकून काही काळाने ती पेटीत न टाकता, खाद्य धुवावे तशी एकमेकांवर घासत बसू लागले, आणि डुकरे आपली लाकडी नाणी मुसकटाने उकरू लागली. शिकवणूक जातिस्वभावाच्या विरुद्ध गेली तर हळूहळू घसरते. म्हणून चतुर शिक्षक स्वभावालाच कामाला लावतो. पारध्याने मारलेला पक्षी अलगद तोंडात धरून आणण्यासाठी ज्याची पैदास झाली, त्या कुत्र्याला पाहुणा येताच आपले आवडते खेळणे तोंडात घेऊन येण्यास शिकवावे. तोंड भरलेले असल्यामुळे चाटण्याची निकड ओसरते, आणि स्वागताचा उत्साह शेपटीकडे वळतो.

शेवटची अडचण स्थळाची. दिवाणखान्यात शहाण्यासारखा बसणारा कुत्रा जिन्यात भेटलेल्या शेजाऱ्यावर झेप घेतो आणि मालक त्याला कृतघ्न ठरवतो. परंतु प्राणी जे शिकतो ते त्या जागेसह आणि त्या माणसांसह शिकतो, आणि ते इतरत्र लागू होते हे त्याला निराळे शिकवावे लागते. जिना, फाटकावरचा वॉचमन, कामाच्या मावशी, कुरिअरवाला, प्रत्येकाची उजळणी वेगळी, आणि प्रत्येकाला आधीच विनंती करून ठेवावी की बसल्याशिवाय त्याला हात लावू नका. कुत्राप्रेमी म्हणवणारे लोक ही विनंती सर्वांत आधी मोडतात. लिफ्ट मात्र अगदी अखेरीस घ्यावी. तेथे पाठ फिरवण्यास जागा नसते, दार कोणावर उघडेल याचा भरवसा नसतो, म्हणून सवय पक्की होईतो पट्टा आखूड धरून, कुत्र्याला भिंत आणि आपले पाय यांच्या मध्ये बसवून, शक्य तर रिकाम्या वेळी जावे. आणि आत कोणी वृद्ध गृहस्थ आधीच उभे असतील तर बेलाशक पुढच्या फेरीची वाट पाहावी.